पिवळ्या पुलापलीकडचं मैदान

अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघाचं मैदान वेगळं आणि कुठलीही दोन मैदानं एकसारखी नाहीत. आतला चौकोन तेवढा सगळीकडे सारखा: दोन बेसमध्ये ९० फूट, पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच. तिथे इंचाचीही सवलत नाही. पण चौकोन ओलांडला की नियम सैल पडतात. भिंत किती लांब घ्यायची, किती उंच बांधायची, सरळ ठेवायची की मध्येच वळवायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावीकडची भिंत ३७ फुटांहून उंच आहे, कारण तिच्यामागे लगेच रस्ता आहे. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर वेल चढवलेला आहे आणि चेंडू त्या वेलात अडकला तर काय करायचं याचा वेगळा नियम आहे. एका गावात जो फटका भिंतीवरून जाऊन होमरन ठरतो, तोच दुसऱ्या गावात साधा झेल ठरू शकतो. इथली माणसं सुट्टी काढून, गाडीत सामान टाकून, या गावाहून त्या गावाला मैदानं बघत हिंडतात ती यामुळे.

माझा भाचा कोलंबसला राहतो आणि त्यालाही हे वेड आहे. "मावशी, या खेपेला नायगारा नाही, मॉल नाही. फक्त मैदानं," असं त्यानं मी विमानतळाबाहेर पडतापडताच जाहीर केलं. माझी हरकत नव्हती. कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळले आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या सॉफ्टबॉल स्पर्धा अजूनही होतात, वर्तमानपत्रात त्यांना दोन ओळी मिळतात एवढंच. त्यामुळे स्ट्राइक म्हणजे काय आणि बेस चोरतात कसा, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. शिकागो, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड असा बेत ठरला. त्यातलं पिट्सबर्ग सांगण्यासारखं आहे.

आधी सिनसिनाटीबद्दल थोडं. सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला बेसबॉल संघ १८६९ साली या गावानं उभा केला. तो बांधणारा हॅरी राइट इंग्लंडात शेफील्डला जन्मलेला, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू होता. बेसबॉलचा धावफलक वर्तमानपत्रात मांडायची पद्धत रुळवणारा हेन्री चॅडविकही जन्मानं इंग्रज आणि आधी क्रिकेटचा बातमीदार. बेसबॉल हा शंभर टक्के अमेरिकन खेळ आहे असं इथे कुणी ठासून सांगू लागलं, की ही दोन नावं हळूच पुढे सरकवावीत.

सिनसिनाटीहून पिट्सबर्गला निघालं की ओहायोची सपाट शेतं हळूहळू टेकड्यांमध्ये विरत जातात. व्हीलिंगपाशी ओहायो नदी ओलांडून वेस्ट व्हर्जिनियाचा एक चिंचोळा पट्टा लागतो, तो संपतो न संपतो तोच पेनसिल्व्हेनिया. शेवटच्या टप्प्यात रस्ता थेट डोंगराच्या पोटात शिरतो. फोर्ट पिट बोगद्यात असेपर्यंत पुढे शहर आहे याचा पत्ताही लागत नाही. बोगदा संपतो त्याच क्षणी गाडी पुलावर असते, खाली मनंगहेला नदी, समोर उंच इमारती आणि जिकडे बघावं तिकडे पिवळे पूल. डावीकडे अलेघेनी येऊन मिळते आणि दोघींची मिळून ओहायो होते. त्या संगमापासून थोडं वर, अलेघेनीच्या पलीकडच्या काठावर, पिट्सबर्गचं आजचं मैदान, पीएनसी पार्क. भाच्यानं ते लांबूनच बोटानं दाखवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला तिथे न नेता ओकलंडला घेऊन गेला, विद्यापीठाच्या भागात.

तिथे रस्त्याकडेला एक विटांची भिंत आहे. वेल चढलेला, मध्ये आकडे रंगवलेले, शेजारी जुना ध्वजस्तंभ. पिट्सबर्ग पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्स फील्ड, १९०९ ते १९७० या काळात इथे होतं. पाडलं तेव्हा भिंतीचा हा तुकडा ठेवला. होम प्लेट पलीकडच्या विद्यापीठाच्या इमारतीत, जमिनीत काचेखाली जपलेली आहे. विद्यार्थी तिच्यावरून तासाला जातात. होमरनसाठी गाजलेल्या बेब रूथनं आयुष्यातले शेवटचे तीन होमरन याच मैदानावर मारले, १९३५ च्या मे महिन्यात, एकाच दिवशी. पण पिट्सबर्गची माणसं त्यासाठी इथे येत नाहीत. ती येतात १३ ऑक्टोबरला.

१३ ऑक्टोबर १९६० रोजी इथे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना झाला. समोर न्यूयॉर्क यांकीज. त्या मालिकेत यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या आणि पायरेट्सनी २७. आकडे बघून कुणीही सांगेल की यांकीज जिंकले असणार. पण बेसबॉलमध्ये मोजतात सामने. यांकीजनी जिंकले ते सामने दणदणीत जिंकले, पायरेट्सनी जिंकले ते कसेबसे. सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला ९-९ अशी बरोबरी असताना बिल मॅझरॉस्की फलंदाजीला आला. मोठ्या फटक्यांसाठी नाही, तर क्षेत्ररक्षणासाठी ओळखला जाणारा हा खेळाडू. त्यानं चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून बाहेर घातला आणि सामना, मालिका, सगळं तिथेच संपलं. सातव्या सामन्याच्या शेवटच्या फटक्यावर होमरन मारून वर्ल्ड सिरीज जिंकण्याचा प्रकार त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही.

१९८५ साली पिट्सबर्गचा एक माणूस या दिवशी एकटाच ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी बसून त्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन टेपवर ऐकत होता. पुढच्या वर्षांत आणखी माणसं आली. आता दर १३ ऑक्टोबरला इथे गर्दी जमते, पूर्ण सामना पहिल्यापासून ऐकते आणि निकाल पाठ असूनही शेवटी टाळ्या वाजवते. त्या सामन्याचं दूरचित्रवाणीवरचं चित्रण कायमचं गेलं असं सगळे धरून चालले होते. ते २००९ साली गायक बिंग क्रॉस्बीच्या घरात, तळघरातल्या दारूच्या कोठीत सापडलं. क्रॉस्बीची संघात भागीदारी होती, पण सामना बघवणार नाही म्हणून तो त्या वेळी परदेशी निघून गेला होता आणि चित्रण करून ठेवायला सांगून गेला होता.

फोर्ब्स फील्डला आणखी एक इतिहास आहे. होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ पायरेट्स बाहेरगावी असताना इथे खेळायचा. वर्णभेदामुळे मेजर लीगची दारं या खेळाडूंना बंद होती, म्हणून त्यांच्या वेगळ्या नीग्रो लीग होत्या. पिट्सबर्ग हे त्या बेसबॉलचं मोठं केंद्र. शहरात ग्रेज आणि क्रॉफर्ड्स असे त्यांचे दोन नामांकित संघ होते. जॉश गिब्सन दोन्हीकडून खेळला. १९४७ च्या जानेवारीत वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला आणि ते दार उघडलं. २०२४ साली मेजर लीगनं नीग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीच्या यादीत तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या ०.३६७ वर गिब्सनचं ०.३७२ आलं. ज्याला खेळू दिलं नाही, तो ७७ वर्षांनी यादीच्या डोक्यावर. आपल्याकडे जातीमुळे डावलल्या गेलेल्या क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याबद्दल फार सांगावं लागणार नाही.

संध्याकाळच्या सामन्याला आम्ही गावातून चालत निघालो. अलेघेनीवर एकाला एक लागून तीन एकसारखे पूल आहेत, तिन्ही पिवळे, तिन्ही १९२० च्या दशकातले. एकाला चित्रकार अँडी वॉरहॉलचं नाव आहे, दुसऱ्याला पर्यावरणावर लिहिणाऱ्या रेचल कार्सनचं आणि तिसऱ्याला बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंतेचं. चित्रकार, शास्त्रज्ञ आणि खेळाडू यांना सारख्या मापाचे पूल देणारं शहर मला तिथेच आवडून गेलं. सामन्याच्या दिवशी क्लेमेंते पूल गाड्यांना बंद असतो. सगळा रस्ता माणसांचा. काळे-पिवळे शर्ट, खांद्यावर पोरं, फुटपाथावर पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाण्याच्या पिशव्या विकणारे, कुठेतरी एक सॅक्सोफोनवाला. भुईमूग टरफलासकट, भाजलेले. घेतल्याशिवाय पुढे जाववेना.

क्लेमेंते पोर्तो रिकोचा. १९५५ ते १९७२ तो पायरेट्सकडून खेळला. वर्णानं काळा आणि भाषेनं स्पॅनिश, म्हणून त्या काळच्या अमेरिकेत त्याला दुहेरी परकेपणा वाट्याला आला. बातमीदार त्याचं मोडकं इंग्रजी जसंच्या तसं छापत आणि खेळाडूंच्या चित्रांच्या छापील पत्त्यांवर त्याचं नाव परस्पर 'बॉब' केलं जाई. १९७१ साली पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, क्लेमेंते मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दूरचित्रवाणीचा कॅमेरा समोर आल्यावर तो आधी स्पॅनिशमध्ये बोलला आणि देशभराच्या प्रेक्षकांसमोर त्यानं आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. त्याच मोसमात, १ सप्टेंबरला, पायरेट्सनी मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिन होते. मेजर लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं.

पुढच्या मोसमाच्या अखेरीला क्लेमेंतेच्या बरोबर ३,००० हिट्स झाल्या. डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं उद्ध्वस्त झाली. त्यानं मदत गोळा करून पाठवायला सुरुवात केली, पण ती मधल्यामध्ये लाटली जाते अशा बातम्या आल्या. तेव्हा ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री सामानानं खच्चून भरलेल्या विमानातून तो स्वतःच निघाला. विमान उडाल्यावर काही क्षणांतच समुद्रात कोसळलं. त्याचा मृतदेह मिळाला नाही. हॉल ऑफ फेममध्ये येण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी हा नियम बाजूला ठेवून १९७३ सालीच त्याला घेतलं.

पूल संपतो तिथे त्याचा पुतळा आहे, फटका मारून धावायला निघालेला. पायथ्याशी तीन बेसच्या जागी तीन मैदानांची माती भरली आहे: तो जिथे लहानाचा मोठा झाला त्या पोर्तो रिकोतल्या मैदानाची, फोर्ब्स फील्डची आणि त्यानंतरच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमची. आतल्या उजव्या भिंतीची उंचीही त्याच्या शर्टावरच्या आकड्याइतकी, २१ फूट. इतर दारांशी आणखी तिघं उभे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा होनस वॅगनर, ज्याच्या चित्राची सिगारेटच्या पाकिटातली एक पत्ती २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. टोपी हातात घेऊन धावणारा मॅझरॉस्की. आणि पायरेट्सचाच जुना खेळाडू विली स्टार्जेल. स्टार्जेलच्या पुतळ्याचं अनावरण झालं त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ एप्रिल २००१ रोजी, या मैदानावर पहिला अधिकृत सामना होता. त्याच दिवशी पहाटे स्टार्जेल गेल्याची बातमी आली. नव्या मैदानाचा पहिला दिवस फुलांच्या ढिगानं उजाडला.

आत शिरल्यावर मात्र इतिहास विसरायला होतं, कारण समोर शहर असतं. बहुतेक स्टेडियमं आतल्या बाजूला तोंड करून बसतात. चारी बाजूंनी स्टँड उभे राहिले की तुम्ही कुठल्या गावात आहात याला अर्थ उरत नाही. पीएनसी पार्कला नदीच्या बाजूनं मोकळं सोडलं आहे. भिंतीपलीकडे अलेघेनी, तिच्यावर क्लेमेंते पूल आणि त्यामागे गावातल्या उंच इमारतींची रांग. स्टँड दोनच मजल्यांचे. अमेरिकेत १९५३ नंतर बांधलेलं हे पहिलं दुमजली बेसबॉल मैदान मानतात. सगळ्यात वरची खुर्चीसुद्धा मैदानापासून ८८ फुटांवरच आहे. आसनं सुमारे ३८,०००, म्हणजे लीगमधल्या लहान मैदानांपैकी एक. बाहेरून मिनेसोटाचा पिवळसर चुनखडीचा दगड, आतून गडद निळं पोलाद. इथल्या पोलादाच्या गिरण्या १९८० च्या दशकात एकामागून एक बंद पडल्या, पण पोलादाचं गाव म्हणून असलेला तोरा या मैदानाच्या खांबांत टिकून आहे. यजमान संघाचा डगआउट कुठल्या बाजूला असावा याला नियम नाही. इथे तो तिसऱ्या बेसकडे ठेवला आहे, कारण तिथून गाव दिसतं.

होम प्लेटपासून नदी ४४३ फुटांवर आहे. चेंडू टप्पा न घेता थेट पाण्यात पहिल्यांदा टाकला तो डॅरिल वॉर्डनं, जुलै २००२ मध्ये, आणि तो निघाला पाहुण्या संघाचा. नदीत छोट्या होड्या तरंगत असतात, काही निव्वळ या आशेवर.

आपलं खाणं आत न्यायला इथे मनाई नाही, त्यामुळे भाच्याच्या बायकोनं डबा दिला होता. तरी आतलंही चाखायला हवं. इथलं खास सँडविच म्हणजे पावात मांस, चीज, त्यातच कोबीची कोशिंबीर आणि त्यातच तळलेले बटाटे. १९३० च्या दशकात रात्रपाळीच्या ट्रकवाल्यांना एका हातात धरून खाता यावं म्हणून निघालेला हा प्रकार आहे असं सांगतात. मला जास्त भावला तो पिरोगी. पोलंडहून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी आणलेला पदार्थ. मैद्याच्या पारीत बटाटा-चीजचं सारण, आधी उकडून मग कांद्यावर परतलेलं: आपली करंजी तिखटमिठाची करून लोण्यात लोळवली असं समजा. मांस न खाणाऱ्यांची पंचाईत होत नाही. मध्येच एका इनिंगनंतर पिरोगींचे पोशाख घातलेली माणसं मैदानाच्या कडेनं शर्यत लावतात आणि त्या शर्यतीला खेळाइतकाच आरडाओरडा होतो.

सामना मिलवॉकीविरुद्ध होता. तिकिटं तिसऱ्या बेसच्या वरच्या मजल्यावर. बेसबॉल कंटाळवाणा असतो, चार-चार तास चालतो, ही आपल्याकडची समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं आहे. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, असेल तर आता १८. सामना अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. आजूबाजूला निम्म्या पाठींवर ३० हा आकडा होता, पॉल स्कीन्सचा. २०२४ साली आल्या आल्या तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ साली सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यानं घेतला. पण सुरुवातीचे पिचर चार-पाच दिवसांनी एकदा येतात, त्या संध्याकाळी त्याची पाळी नव्हती.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीनं स्कोअरकार्ड भरत होते. प्रत्येक चौकटीत छोटा चौकोन, बाजूला आकडे. क्षेत्ररक्षणाच्या जागांना १ ते ९ क्रमांक असतात, त्यामुळे '६-४-३' एवढं लिहिलं की शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोन गडी बाद झाले, ही सगळी हकिकत कागदावर येते. स्ट्राइकआउटला 'के'. ही खूण चॅडविकची. आमच्या सॉफ्टबॉलच्या मास्तरांनी वहीत असंच लिहायला शिकवलं होतं, तेव्हा मी न विचारता एक चौकट वाचून दाखवली. गृहस्थांनी चष्मा वर करून माझ्या साडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि उरलेल्या सामन्याची पेन्सिल माझ्या हाती दिली.

त्यांच्याकडून मग गावाचं दुखणं ऐकलं. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९७९ साली. १९९३ ते २०१२ या सलग २० मोसमांत त्यांनी जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांत असा सलग हरण्याचा विक्रम दुसऱ्या कुठल्या संघाच्या नावावर नव्हता. बेसबॉलमध्ये संघानं पगारावर किती खर्च करावा याला पक्की कमाल मर्यादा नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसचे संघ पाण्यासारखा पैसा ओततात आणि पायरेट्स खर्चाच्या यादीत तळाशी असतात. "मैदान इतकं चांगलं नसतं तर लोकांनी कधीच येणं बंद केलं असतं," गृहस्थ म्हणाले, "आणि लोक आले नसते तर संघ सुधारावा लागला असता." २०२५ च्या पहिल्या घरच्या सामन्याला चाहत्यांनी विमानामागे फलक लावून मालकांना संघ विकून टाका असं आकाशातून सांगितलं होतं.

या तक्रारीला वजन आहे, कारण मैदान बहुतांशी लोकांच्या पैशातून उभं आहे. स्टेडियमांसाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव १९९७ साली मतदानाला टाकला, तो लोकांनी सपशेल फेटाळला. पुढच्याच वर्षी पुढाऱ्यांनी दुसऱ्या करांतून, मतदान न घेता, तोच बेत तडीला नेला. मैदानाला २१ कोटी ६० लाख डॉलर लागले. ज्यांनी 'नको' म्हटलं त्यांच्या पैशातून देशातलं सर्वांत देखणं बेसबॉल मैदान बांधलं गेलं आणि ते त्यांना आवडलंही. संघ तेवढा आवडण्याजोगा मिळाला नाही.

मैदानाच्या वाट्याला खरी मोठी अशी एकच रात्र आली आहे. १ ऑक्टोबर २०१३, वाइल्ड कार्डचा सामना, समोर सिनसिनाटी. २० वर्षांच्या पडझडीनंतरचा पहिला बाद फेरीचा सामना. काळे कपडे घालून आलेली ४०,४८७ माणसं सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटोच्या नावाचा एका सुरात घोष करत होती. क्वेटोच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिननं होमरन मारला. हे सांगताना गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. वर्ल्ड सिरीजचा सामना मात्र इथे अजून एकही झालेला नाही.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून १९०८ सालचं ते बेसबॉलचं गाणं म्हणाले, भाचासुद्धा, अगदी मनापासून. पायरेट्स हरले. कुणी फारसं चिडलं नाही. इमारतींत दिवे लागले होते, पूल उजळला होता आणि माणसं त्यावरून गप्पा मारत घरी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी पेन हिल्सच्या टेकडीवरच्या वेंकटेश्वर मंदिरात गेलो. अमेरिकेतल्या मराठी घरांत पिट्सबर्ग म्हणजे बालाजी, मग न्यू जर्सी असो की मिशिगन. १९७० च्या दशकात उभं राहिलेलं हे मंदिर देशातल्या पहिल्या परंपरागत मंदिरांपैकी एक. लोक आदल्या रात्री येतात, दर्शन घेतात, खालच्या कँटीनमध्ये चिंचेचा भात खातात आणि परततात. रांगेत भेटलेल्या एका मराठी जोडप्याला विचारलं, तर वर्षानुवर्षं येऊन त्यांनी मैदान पाहिलेलं नव्हतं. खरं तर या संघाचं भारताशी नातंही आहे. याच पायरेट्सनी २००८ साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. चेंडू जोरात फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून ते निवडले गेले, हातात बेसबॉल त्याआधी त्यांनी धरलाही नव्हता. त्यांच्यावर 'मिलियन डॉलर आर्म' हा चित्रपट आला. ते खालच्या लीगमध्ये खेळले. रिंकूनं तिथे सामनाही जिंकून दिला, पण पिवळ्या पुलापलीकडच्या या मैदानापर्यंत दोघंही पोचले नाहीत.

तेव्हा बालाजीला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, एक रात्र वाढवा. मोसम मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर असतो. एप्रिलात थंडी वाजते, जून-जुलै उत्तम. गाडी गावात ठेवून पुलावरून चालत जा. तिकीट तिसऱ्या बेसकडचं, वरच्या मजल्यावरचं काढा. ते स्वस्तही असतं आणि गाव तिथूनच दिसतं. नियम कळत नसतील तर शेजारच्याला विचारा, तो वाटच बघत असतो. पण त्याआधी सकाळी ओकलंडला जाऊन ती भिंत बघा. पीएनसी पार्क बघण्यासारखं आहेच, पण पिट्सबर्गचा बेसबॉल अजून त्या भिंतीपाशीच आहे आणि हा संघ नदीकाठी एखादी वर्ल्ड सिरीज जिंकेपर्यंत तिथेच राहील.